खाडीचा गारठा आणि नावेतील साक्षीदार

धार आणि देवास ही पवारांची एकेकाळची संस्थाने समुद्रापासून शेकडो मैल दूर. अठराव्या शतकात पवारांबरोबर जी मराठी घराणी माळव्यात उतरली, त्यांची मुले पोहायला शिकली ती बावडीत, पाठीला सुका भोपळा बांधून. फार तर धारच्या मुंज तलावात. अशा भूमीतील वकिलाने सागरतरणाचा इतिहास सांगू जावे, हे वाचकांस काहीसे आगंतुकपणाचे वाटेल. परंतु या दोन गावांच्या मध्ये वसलेल्या इंदुरात नोकरी करणारे सत्येंद्रसिंह लोहिया यांनी २०१८ साली, पायांनी अपंग असतानाही, तीन सहकाऱ्यांसह पाळीपाळीने पोहून इंग्लिश खाडी ओलांडली. महाराष्ट्राचे चेतन राऊत त्या चौघांतले एक. तेव्हापासून हा विषय मनात घोळत आहे.

खाडीत माणूस दगावतो तो लाटांमुळे, अशी आपली समजूत असते. खरा वैरी गारठा. इंग्लिश खाडीचे पाणी ऐन उन्हाळ्यातही १५ ते १८ अंशांच्या आसपास असते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने देहातील उष्णता ओढून नेते. देहाच्या आतील तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले की त्यास हायपोथर्मिया म्हणतात. प्रथम हुडहुडी भरते, हातांचा जोर सरतो, शब्द अडखळतात; पुढे हुडहुडीच थांबते. पाहणाऱ्यास वाटावे की गडी सावरला. वस्तुतः तो मृत्यूच्या अंगणात पोचलेला असतो. आणि या सगळ्यात सर्वांत आधी ढळतो तो विवेक.

१८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब याने पावणेबावीस तास पोहून ही खाडी प्रथम जिंकली, ती अंगास सागरी प्राण्याचे तेल चोपडून. तेलाने ऊब टिकते हा विश्वास पुढे बराच काळ चालला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी सहकारी एडहोम यांच्यासह १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात खाडी पोहणाऱ्यांच्या देहधर्मावर निबंध प्रसिद्ध केला. ग्रीक सैन्यातील जेसन झिरगानोस हा स्थूल जलतरणपटू आणि स्वतः कृश प्यू, दोघांनी थंड पाण्यात राहून पाहिले. प्यू लवकर गारठले. झिरगानोसचा देह मात्र ऊब धरून राहिला. खरे कवच बाहेरच्या तेलाचे नव्हे, कातडीखालच्या चरबीचे.

आणि तोच झिरगानोस १९५९ मध्ये आयर्लंड व स्कॉटलंड यांमधील उत्तर खाडीत, सोळा तासांहून अधिक पोहल्यावर, किनारा काही मैलांवर असताना बेशुद्ध झाला आणि दगावला. ज्याच्या देहाचा दाखला शास्त्राने दिला, त्यालाही मर्यादा होती. ती त्याला स्वतःला कळली नाही.

येथे माझ्यातील वकील जागा होतो. साक्षीदाराची बुद्धी ठिकाणावर नसेल, तर त्याची साक्ष न्यायालय ग्राह्य मानीत नाही. गारठलेला जलतरणपटू ‘मी ठीक आहे’ म्हणतो, ती साक्ष याच जातीची. शिवाय खाडीचा दंडक असा की, पोहणाऱ्यास कोणी हात लावला की प्रयत्न तेथेच संपला. म्हणजे वाचवणारा हातच पराभवाचा हात! वर्षानुवर्षांचा सराव, उसनवारीने जमवलेला पैसा, हे सारे त्या स्पर्शाबरोबर बुडते. तो स्पर्श करण्याचे धैर्य नावेतील माणसापाशी हवे, आणि अधिकारही निघण्यापूर्वीच ठरलेला हवा.

माझ्याच व्यवसायातील बॅरिस्टर मिहिर सेन अनेक अपयशांनंतर १९५८ मध्ये ही खाडी पार करू शकले. आरती साहा यांचा १९५९ मधील पहिला प्रयत्न फसला. त्याच सप्टेंबरात दुसरा सिद्धीस गेला. पाण्याबाहेर येणे म्हणजे शेवट नव्हे, हे त्या दोन नोंदींतून दिसते. मुंबईचे तारानाथ शेणॉय यांनी १९८३ मध्ये खाडी ओलांडली. ते मूकबधिर. अडखळत्या शब्दांवरून गारठा ओळखावा, तर तो पुरावा येथे नाहीच; हातांच्या फेकी मिनिटाला किती पडतात, एवढ्यावरच नावेतील माणसाने निर्णय करावयाचा! पुण्याचे रोहन मोरे तर, झिरगानोसचा बळी घेणाऱ्या उत्तर खाडीसह, सात सामुद्रधुन्या २०१८ पर्यंत पोहून गेले. आशियातील हा मान प्रथम त्यांचा.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. पाण्याबाहेर काढल्यावरही देहाचे तापमान काही काळ उतरतच राहते. अशा वेळी अंग चोळणे, कढत पाण्याने स्नान घालणे वा मद्य पाजणे घातक. ओली वस्त्रे काढावी, अंग हलकेच टिपून घोंगडीत गुंडाळावे, आडवे ठेवावे. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्यावे, आणि वैद्यास बोलवावे.

लहानपणी पौषात पर्वस्नानास आम्ही धार जिल्ह्यातील धरमपुरीस नर्मदेवर जात असू. मोठी माणसे तीन बुड्या मारून बाहेर येत. आम्ही पोरे पाण्यातच. ओठ काळेनिळे झाले तरी ‘थंडी नाहीच, काका’ हे उत्तर ठरलेले. काका ते ऐकत नसत. घाटाच्या पायरीवरून ते एकेकाला आजोळचे गाव विचारीत, आणि ज्याची जीभ चाचरली त्याचे मनगट धरून त्याला वर ओढीत.