लक्षणाचे नामांतर : अहमदनगर जिल्ह्यातील संतचरित्रे आणि अपस्माराचा प्रश्न

संतचरित्रांत येणाऱ्या मूर्च्छा, आवेश, श्वासावरोध आणि भावसमाधी यांच्या वर्णनांचे वाचन आजवर प्रामुख्याने दोन प्रकारे झाले आहे. श्रद्धावान वाचक त्यांत ईश्वरी संचाराची खूण पाहतो. वैद्यकाचा संस्कार झालेला वाचक त्याच ओळींत अपस्माराचे निदान वाचतो. संहितेत नोंदवलेले लक्षण म्हणजे शरीरातील घटनेचे थेट प्रतिबिंब होय, हे मात्र दोघांनीही गृहीत धरलेले असते. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील शिर्डी, साकुरी, राहुरी आणि मेहेराबाद या स्थळांभोवती रचले गेलेले चरित्रवाङ्मय हे गृहीतक तपासण्यास विशेष उपयुक्त आहे. या चरित्रांचे नायक परस्परांशी संबंधित आहेत, आणि एकाच लक्षणाला एकाहून अधिक नावे मिळाल्याच्या नोंदी या चरित्रांनी स्वतःच जपून ठेवल्या आहेत.

निदानाच्या वाचनाची परंपरा जुनी आहे. इ. स. पू. 400 च्या सुमारास हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या 'पवित्र रोगा'वरील ग्रंथाने अपस्मार इतर रोगांहून अधिक पवित्र नाही, त्याचे स्थान मेंदूत आहे, असे प्रतिपादन केले. चरकसंहितेत अपस्मार हा स्मृतीचा भ्रंश मानला आहे. त्याचे चार प्रकार सांगितले असून चारही दोषजन्य आहेत. उन्मादाला मात्र पाचवा, आगंतू प्रकार जोडला आहे. म्हणजे देव, गंधर्व, पिशाच यांना प्रवेशाचे दार शास्त्राने उन्मादात मोकळे ठेवले. अपस्मारात त्यांचे स्थान दुय्यम राहिले. विसाव्या शतकात ड्यूहर्स्ट आणि बिअर्ड यांनी 1970 साली शंखखंडाच्या अपस्मारासोबत आकस्मिक धर्मांतर झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली, आणि धर्मानुभव व मेंदू यांचा संबंध पुन्हा चर्चेत आला. तथापि विल्यम जेम्सने 1902 सालीच 'वैद्यकीय जडवाद' म्हणून एका प्रवृत्तीची मर्यादा दाखवली होती. संत पॉलला झालेले दर्शन मेंदूतील विकृतीमुळे झाले असे ठरवले, तरी त्या दर्शनाच्या मूल्याचा निर्णय तेवढ्याने होत नाही.

निदानाची भाषा वापरायचीच, तर ती काटेकोर असली पाहिजे. अपस्माराचा झटका बहुधा काही सेकंद ते दोन-तीन मिनिटे टिकतो. तो प्रसंग पाहून येत नाही, आणि भान हरपलेला रुग्ण त्या काळात प्रश्नांना सुसंगत उत्तरे देऊ शकत नाही. 'अंगात येणे' ही घटना याहून वेगळी आहे. तिला वार, वाद्य, देऊळ आणि प्रश्न विचारणारा समाज लागतो. हेमाडपंतांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त शिर्डीतील तरुण फकिराविषयी गाव कुतूहलाने विचारणा करतो, तेव्हा एकाच्या अंगात खंडोबा संचारतो आणि निंबाखाली खणण्यास सांगतो. हा संचार गावाच्या प्रश्नाला गावासमक्ष दिलेले उत्तर आहे. त्याला अपस्मार म्हणणे हे वैद्यकदृष्ट्याही चुकीचे वाचन ठरते.

त्याच ग्रंथातील 1886 सालचा मार्गशीर्ष पौर्णिमेचा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. साईबाबांना दम्याचा तीव्र त्रास होतो. ते प्राण ब्रह्मांडी चढवण्याचा संकल्प सांगून, तीन दिवस देह राखण्याची जबाबदारी म्हाळसापतींवर सोपवतात. गावचे अधिकारी पंचनामा करून दफनाचा निर्णय घेतात. म्हाळसापती देह सोडत नाहीत. तीन दिवसांनी चलनवलन दिसू लागते. येथे एका निश्चल देहाचे तीन अर्थ एकाच वेळी उभे आहेत : रोग, मृत्यू आणि समाधी. हेमाडपंत दमा लपवत नाहीत. ते त्याला समाधीचे निमित्त करतात. पंचनाम्याची प्रशासकीय भाषा आणि म्हाळसापतींची निष्ठा यांतील संघर्षाचा निकाल देह पुन्हा हालल्यावरच लागतो.

उपासनी महाराजांच्या चरित्रात हा संघर्ष एकाच व्यक्तीच्या ठायी घडतो. सटाण्याच्या कुटुंबात 1870 साली जन्मलेले काशिनाथ गोविंद उपासनी हे स्वतः वैद्य होते. अमरावतीत त्यांचा व्यवसाय होता आणि 'भेषजरत्नमाला' हे वैद्यकविषयक मासिक ते चालवत. 1910 च्या सुमारास प्राणायाम करताना त्यांचा श्वास कोंडला, शुद्ध हरपली आणि पुढे श्वसनाचा विकार जडला. त्यांनी त्याला रोग मानून उपचार केले; ते निष्फळ ठरले. राहुरीच्या योगी कुलकर्णी महाराजांनी हा रोग नसून योगाची अवस्था आहे असे सांगून त्यांना साईबाबांकडे जाण्यास सुचवले. जून 1911 मध्ये ते शिर्डीस आले आणि सुमारे तीन वर्षे खंडोबाच्या देवळात राहिले. अन्नत्याग आणि विक्षिप्त वर्तन यांमुळे त्या काळात अनेकांना ते वेडे वाटले. उपासनींना अपस्मार होता असे चरित्रातील कोणत्याही नोंदीवरून म्हणता येत नाही. महत्त्वाचे आहे ते नामांतर. ज्याच्या हाती निदानाचे शास्त्र होते, त्याच्याकडूनच स्वतःच्या शरीराला नाव देण्याचा अधिकार काढून घेतला गेला, आणि तो काढून घेण्यातूनच 'रोगी' हा 'साधक' झाला.

पुण्याचे मेरवान इराणी, पुढे मेहेरबाबा, यांच्या चरित्रातही हजरत बाबाजान यांच्या चुंबनानंतरची दीर्घ बेभान अवस्था घरच्यांना आधी आजारच वाटते, आणि साकुरीशी आलेल्या संबंधानंतर ती सिद्धीच्या क्रमात बसवली जाते. मेहेरबाबांनी 1936 साली राहुरीतच वेड्यांसाठी आश्रम उघडला आणि तेथील लोकांना ते स्वतः स्नान घालत. पुढे विल्यम डंकिन या इंग्रज डॉक्टराने 'द वेफेअरर्स' (1948) या ग्रंथात 'मस्त', म्हणजे ईश्वरप्रेमाने धुंद झालेले, आणि वेडे असा भेद तपशिलाने मांडला. लेखक वैद्यकाचा पदवीधर असूनही हा भेद अखेरीस शरीरलक्षणांवर उभा राहत नाही. तो मेहेरबाबांच्या निर्णयावर उभा राहतो.

या सर्व संहितांत चरित्रप्रकाराचा एक नियम दिसतो. चरित्रकार शेवट माहीत असताना लिहितो, म्हणून आरंभीचे निदान त्याला 'चूक' म्हणून नोंदवता येते. लक्षणाचा अर्थ लक्षणात नसतो. तो कथेच्या शेवटाकडून मागे वाहत येतो. ज्याचा शेवट संतपदात होत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग बंद असतो. त्याच परिसरातील एखाद्या स्त्रीला फेफरे आले, तर नाकाशी वहाण किंवा कांदा धरला जाई, बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेले जाई. तिचे चरित्र लिहिले गेले नाही. तिची नोंद झाली ती कायद्याच्या भाषेत. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाच्या पात्रतेतील दोष ठरला. तो उल्लेख 1999 साली वगळला गेला. मंत्रतंत्राने उपचार करून वैद्यकीय उपचार रोखण्याच्या काही प्रकारांना महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. योग्य औषधोपचाराने सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, हे आज सिद्ध आहे. म्हणजे तिच्या बाबतीत नामांतराची किंमत वर्षानुवर्षांच्या टाळता येण्याजोग्या झटक्यांनी मोजावी लागते.

म्हणून या चरित्रांच्या अभ्यासकाने संतांना मरणोत्तर रोगनिदान चिकटवण्याचे टाळावे; तसे करण्यास लागणारा पुरावा संहिता देत नाही आणि देऊही शकत नाही. नाव कोणी बदलले, कोणत्या अधिकाराने बदलले आणि कोणाचे बदलले गेले नाही, हे मात्र संहितेतून निश्चित वाचता येते. चरित्रांत ज्यांचा उल्लेख नाही अशा रुग्णांचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याची सुरुवात या तिसऱ्या प्रश्नापासून करावी लागेल.