बिल्ड नापास झालं, मग पुढे काय?

आजचा आपला प्रश्न दिसायला लहान आहे. प्रोग्रामच्या अनेक फाइल्स जोडून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं म्हणजे बिल्ड. हे काम यंत्र टप्प्याटप्प्याने करतं, आणि मधलाच एखादा टप्पा फसतो. मग काय करायचं?

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. अख्खी सकाळ ते एका प्रोग्राममधली चूक शोधत होते. चूक आधीच दुरुस्त झाली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. म्हणजे निर्दोष कोडवर खटला चालला होता! फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी याच फेऱ्यातून गेलेले. त्या शनिवार-रविवारात त्यांनी 'मेक' लिहिलं.

मेकचा नियम कडक. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे यश, दुसरं काहीही म्हणजे अपयश. (यश एकाच प्रकारचं, अपयशं मात्र कितीतरी, आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे फार आवडतं.) शून्य आलं नाही की मेक तिथेच थांबतं.

पण खरी गोम अर्धवट फाइलमध्ये आहे, बरं का. फाइल ताजी की शिळी हे मेक तिच्या वेळेवरून ठरवतं. फसलेल्या टप्प्याने अर्धवट लिहिलेली फाइल मागे सोडली, तरी तिची वेळ नवीच. पुढच्या खेपेला मेक तिला ताजी समजून पुढे जातं. अशी फाइल पुसून टाकायची सोय जीएनयू मेकमध्ये आहे, पण ती मुद्दाम मागावी लागते. माहितीपुस्तिकाच म्हणते की जवळजवळ नेहमी हेच हवं असतं. जुनी पद्धत तशी नव्हती, म्हणून आपोआप होत नाही. वहिवाटीचं वजन बघा!

२००४च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोहसुके कावागुची यांनी 'हडसन' लिहायला घेतलं. २०११मध्ये त्याचं 'जेन्किन्स' झालं. निकालाला रंग आले. लाल म्हणजे फसलं. बिल्ड झालं पण टेस्ट नापास, तर पिवळा.

रंग आले तशी रंगांवरची श्रद्धाही डळमळली. २०१६ साली गूगलने सांगितलं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट कमी-अधिक लहरी आहेत: कोड तोच, निकाल कधी पास, कधी नापास. अशा वेळी 'पुन्हा चालवा' हे बटण मोहात पाडतं. दुसऱ्यांदा पास झालं की पहिलं नापास कोण वाचतो? मग खऱ्या चुकीचा लाल रंगही लोक लहर समजून सोडून देतात. लांडगा आला रे आला!

गिटलॅबमध्ये फसलेला जॉब आपोआप जास्तीत जास्त दोनदा पुन्हा चालवता येतो, आणि कोणत्या कारणासाठी तेही नेमता येतं. हा भेद आम्हाला पटतो. चालवणारं यंत्रच मधे बंद पडलं असेल, तर खुशाल पुन्हा चालवा. आपलीच आज्ञा नापास झाली असेल, तर आधी लॉग उघडा. आणि दुसऱ्यांदा पास झालं तरी पहिल्या खेपेचा लॉग पुसू नका. लहर कुठून आली हे शोधायला तेवढाच पुरावा हाती असतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.