विंचू उतरतो तो कशाने?

वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत विज्ञानाविषयीच्या गैरसमजांवर लिहायचे ठरले, तेव्हा आम्ही विंचवाचा इतिहास निवडला. पेण-रोह्याच्या खेड्यापाड्यांत विंचू कुणाला परका नाही. पेंढ्यात, सरपणात, दगडाखाली तो असायचाच. चावला की पहिली धाव भगताकडे. "मंत्राने उतरला" असे लोक सांगत, आणि ते काही खोटे बोलत नव्हते.

पहिला गैरसमज इथेच आहे. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या डंखाने माणूस सहसा दगावत नाही. वेदना काही तासांनी आपोआप ओसरतात, श्रेय मात्र मंत्राला जाते. खरा घातकी तो लहानसा लाल विंचू. त्याच्या विषाने दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. असा माणूस गेला की "त्याचे नशीब" म्हणायचे! जगलेले मंत्राच्या खात्यात, मेलेले नशिबाच्या खात्यात. असल्या हिशेबाने गिरणीत एक साचा तरी दुरुस्त झाला असता काय?

दुसरा गैरसमज, विज्ञान म्हणजे परदेशातल्या प्रयोगशाळेतली वस्तू. आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपत होते. १९८२ साली ती निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी रक्तदाब उतरवणारी प्राझोसिनची साधी गोळी वापरली. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तिसरा गैरसमज, "विज्ञान आज एक सांगते, उद्या दुसरेच." अहो, तेच तर त्याचे बळ! प्राझोसिनने एवढे यश दिले, तरी बावस्कर दांपत्य तिथेच थांबले नाही. गोळीबरोबर विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे त्यांनीच महाडला तपासून २०११ साली जगापुढे मांडले. भगताचा मंत्र मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच.

म्हणून आमचे वाडीवस्तीवरच्या आयाबहिणींना आणि तरुणांना कळकळीचे सांगणे आहे. विंचू चावला, विशेषतः लहान मुलाला, तर भगताच्या अंगणात वेळ घालवू नका. पेण किंवा रोह्याचे सरकारी रुग्णालय गाठा. वेदना कमी झाली म्हणजे धोका टळला, असे समजू नका. घाम आणि गार हातपाय दिसले, तर एक क्षणही दवडू नका.