एका नळीचा कारखाना

नवेगावबांधच्या तळ्यात बुडी मारणारा ढिवर छातीत मावेल तेवढीच हवा घेऊन खाली जातो. तारकर्लीच्या समुद्रात उतरणारा पर्यटक हवेची टाकी पाठीवर बांधतो. टाकीपासून त्याच्या तोंडाशी एक बारीक नळी येते. या एका नळीमागे मेलबर्नमधल्या एका लहान कारखान्याचा इतिहास आहे.

श्वास ओढला की तेवढीच हवा सोडणाऱ्या झडपेची कल्पना जुनी. फ्रान्समधील खाण अभियंता रुकेरोल आणि नौदल अधिकारी देनेरूझ यांनी १८६० च्या दशकातच ती पाणबुड्यांसाठी वापरली. पण तेव्हाच्या टाकीत पुरेशा दाबाने हवा भरता येत नसे. वरून पंपाची नळी सोडावीच लागे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले आणि फ्रान्समध्ये मोटारी गॅसवर चालू लागल्या. त्यांच्यासाठी ‘एअर लिक्विद’ या वायू बनवणाऱ्या बड्या कंपनीतील अभियंता एमिल गान्यां याने एक झडप तयार केली होती. १९४३ मध्ये त्याने आणि नौदल अधिकारी कुस्तो याने तीच पाण्याखाली नेली. पहिल्या चाचणीत पाणबुड्या उभा राहिला की हवा वाहून जाई, उलटा झाला की अडे. सोडलेला श्वास झडपेशेजारीच बाहेर काढल्यावर दोष गेला. झडप पाठीवर असल्याने तो श्वास मागे नेणारी दुसरी नळी आली. ही मांडणी पेटंटने बांधली गेली. १९४६ मध्ये ‘एअर लिक्विद’ने हे यंत्र बनवण्यासाठी ‘ला स्पिरोटेक्निक’ काढली.

मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडला हे पेटंट आडवे आले. त्याने झडपेचे दोन भाग केले. टाकीवरचा भाग दाब उतरवतो, तोंडाजवळचा भाग श्वासापुरती हवा देतो. श्वास तिथेच पाण्यात सोडायचा, म्हणजे दुसरी नळी नको. पेटंटची अडचण टळलीच, शिवाय श्वास घेणेही सोपे झाले. पाठीवरच्या झडपेतून हवा ओढताना पोहणाऱ्याला जोर लावावा लागे, कारण तिथे पाण्याचा दाब छातीपेक्षा कमी असतो. १९५२ मध्ये त्याचे ‘पॉरपॉईज’ बाजारात आले. ऑस्ट्रेलियाच्या नौदलानेही ते स्वीकारले.

कारखाना वाढला, पण समोर ‘एअर लिक्विद’ होती. टाक्या, वायू, भांडवल, विक्रीचे जाळे सारे तिच्याकडे. १९६० च्या सुमारास तिनेच एल्ड्रेडचा उद्योग विकत घेतला.

लहान उद्योजकाला पेटंटची भिंत चुकवता आली, भांडवलाची चुकवता आली नाही. त्याची मांडणी मात्र टिकली. दोन नळ्यांचे यंत्र मागे पडले आणि जगभर एका नळीचेच रूढ झाले. कुस्तोचे नाव चित्रपटांमुळे घरोघरी पोचले. एल्ड्रेडची नळी तोंडात धरून खाली उतरणाऱ्यांपैकी त्याचे नाव ठाऊक असलेले थोडेच.