श्वास कोंडलेली मोटार

इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ३० मे १९५२ रोजी सर्वांत पुढच्या जागेवर एक डिझेल मोटार उभी होती. डिझेल म्हणजे बोटीचे, मालट्रकचे, फार तर ट्रॅक्टरचे इंजिन, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज. फ्रेड अगाबाशियन याने पात्रता फेरीत ‘कमिन्स डिझेल स्पेशल’ ही २८ क्रमांकाची गाडी ताशी सरासरी १३८.०१० मैल वेगाने पळवली आणि पेट्रोलवाल्यांना मागे टाकून पहिली जागा पटकावली. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र दोनशे फेऱ्यांपैकी एकाहत्तर झाल्या आणि गाडी बाहेर पडली. कारण अगदी घरगुती होते. टायरच्या रबराचे कण आणि धावपट्टीवरचा कचरा टर्बोचार्जरच्या तोंडात जाऊन साचला होता. इंजिनाला हवा मिळेना.

या मोटारीविषयी जे लिहिले जाते त्यात वेगाचे कौतुक पानभर आणि कचऱ्याला एक वाक्य, असे प्रमाण असते. मला ते उलटे असायला हवे होते असे वाटते. टर्बो-डिझेलचा इतिहास आपण अश्वशक्तीच्या आकड्यांत वाचतो; पण या इंजिनाची प्रत्येक अडचण आणि प्रत्येक झेप हवा कुठून येते, किती येते आणि कशी येते, या प्रश्नापाशी येऊन थांबते.

हिशेब साधा आहे. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे बारा किलो हवा लागते, म्हणजे आकारमानाने जवळजवळ दहा हजार लिटर. पंपावर आपण पैसे मोजतो ते डिझेलचे. हवा फुकट, म्हणून ती हिशेबात नाही. शिवाय पेट्रोल इंजिनात पाय दाबला की मुळात हवेची वाट मोकळी होते. जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर तसे दारच नसे. तिथे पाय दाबून वाढते ते इंधन. हवा मात्र सिलिंडर ओढेल तेवढीच. इंधन तिच्यापुढे गेले की ते अर्धवट जळते आणि काजळी होते. घाट चढणाऱ्या जुन्या मालट्रकमागचा काळा धूर म्हणजे हवेची उधारी. ती मागून येणाऱ्यांच्या छातीवर फेडली जायची.

ही उधारी फेडण्याचा मार्ग विंटरथुरच्या आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याला १९०५ मध्ये सुचला. धुराड्यातून गरम वायू वाया जातात. त्यांनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून आत घालावी. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले. पण कल्पना आणि धातू यांचे जमायला वेळ लागला. हवा कशीबशी दाबता येई. तापलेल्या वायूत टिकणारी चक्रे मिळत नव्हती. अखेर १९२० च्या दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ब्युखीची पद्धत बसली. त्यांच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. मधल्या काळात, १९१८ साली, सॅनफर्ड मॉस याने अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन विरळ हवेतही टर्बोचार्जर ताकद टिकवतो हे दाखवले होते. ते इंजिन पेट्रोलचे, पण प्रश्न तोच.

जहाजात जागा ऐसपैस, वेग जवळपास एकसारखा आणि भोवती समुद्राची बिनधुळीची हवा. ब्युखीचे यंत्र तिथे सुखाने नांदले. रस्त्यावर यातले काहीच नसते. कमिन्सच्या अभियंत्यांनी गाडी बुटकी व्हावी म्हणून ६.६ लिटरचे इंजिन जवळजवळ आडवे निजवले होते. कल्पना हुशारीची, पण तिच्यामुळे हवा घेण्याचे तोंडही खाली, जमिनीच्या जवळ आले, आणि बत्तीस गाड्यांच्या टायरांनी उडवलेले सगळे तिथे ओढले गेले. कमिन्स कंपनी त्या शर्यतीत पुन्हा उतरली नाही.

सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत टर्बो-डिझेल यायला आणखी पाव शतक गेले. मर्सिडीज-बेंझचे तीन लिटरचे पाच सिलिंडरी इंजिन या बाबतीत पाठ्यपुस्तकासारखे आहे. टर्बोविना त्याची ताकद ८० अश्वशक्ती. १९७८ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी आलेल्या ३०० एसडी मोटारीत टर्बो बसवून ती ११५ झाली. आणि १९७६ मध्ये इटलीतल्या नार्दो येथे विक्रम करणाऱ्या सी-१११ या प्रायोगिक गाडीत याच जातीच्या इंजिनाने १९० दिले. तिथे टर्बोच्या जोडीला इंटरकूलर होता. हवा दुप्पट दाबली की ती शंभर अंशांच्या पुढे तापते, तापली की फुगते, आणि दाबून मिळवलेले बरेचसे हातचे जाते. तिला वाटेत निववणे हा त्यावरचा उपाय. अर्थात नार्दोत इंधनही वाढवले होते, दाबही. श्रेय एकट्या इंटरकूलरला देणे अन्यायाचे होईल.

आपल्याकडे १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली आणि इंडियानापोलिसचे ते नाव कोथरूडच्या पत्त्यावर आले. स्वतःच्या मोटारीत टर्बो-डिझेल असणे हा मात्र नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा अनुभव. पुण्यातच घडलेली टाटांची सफारी १९९८ ची. तिच्यामागून हौशी मंडळी आली, आणि मोठ्या तोंडाचे उघडे फिल्टर, रुंद नळ्या, चकचकीत पाइप दुकानांतून लटकू लागले.

यातले बरेचसे फक्त आवाज वाढवते, असे माझे स्पष्ट मत आहे. बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. कंपनीची बोजड दिसणारी पेटी बाहेरची थंड हवा आणत असते. हवा वाढली तरी इंधन किती सोडायचे हे संगणक ठरवतो, त्यामुळे त्याला न विचारता रुंद केलेली नळी बहुधा बिनकामाची ठरते. उलट इंटरकूलर मोठा करणे, चिरलेली रबरी नळी वेळेवर बदलणे, यांचा फरक खरोखर जाणवतो. आणि दख्खनच्या उन्हाळ्यात फिल्टरची जाळी विरळ करणे म्हणजे मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या चक्रावर वाळूचा मारा. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना हे ठाऊक होते. त्यांच्या ऑइल-बाथ फिल्टरच्या तळाशी जमलेला चिखल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असे.

प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर या वाटेवर नवाच पाहुणा आला. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून धुराचा काही भाग वळवून पुन्हा आत सोडतात. त्यामुळे लाखभर किलोमीटर चाललेल्या डिझेल मोटारीचे मॅनिफोल्ड उघडले की आतल्या भिंतींवर अनेकदा काजळीचा तेलकट थर सापडतो. पुढे कितीही महागडा फिल्टर बसवा, ही काजळी त्याला अडवता येत नाही. ती त्याच्या पलीकडून येते.