गिरणीतले शिक्षण : मुंबईच्या कामगाराला काम कोणी शिकवले?

१/ मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास बहुधा मालक, पुढारी आणि संप यांच्या अंगाने सांगितला जातो. त्यात एक प्रश्न मागे पडतो. कोकणातून अथवा घाटावरून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला यंत्रावरचे काम शिकवले कोणी, आणि त्या शिक्षणाची किंमत मोजली कोणी?

२/ कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. १८५६ मध्ये ताडदेव येथे उत्पादन सुरू झाले. यंत्रे इंग्लंडहून आली आणि ती उभारणारे जाणकारही तिकडूनच आले. कामगारांसाठी मात्र शाळा नव्हती. गाववाल्याच्या शेजारी उभे राहून पाहायचे, तुटलेला धागा सांधायचा आणि हात बसेपर्यंत तेच करत राहायचे, हीच शिकवणी.

३/ या शिकवणीचे दार जॉबरच्या ताब्यात होते. माणसे आणणे, त्यांना कामाला लावणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे आणि गैरहजर कामगाराच्या जागी बदली नेमणे, ही सारी सूत्रे त्याच्याकडे. स्त्रियांच्या खात्यांत हेच स्थान नायकिणीचे होते. काम मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी दस्तुरी मोजावी लागे. १९३१ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने आपल्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली.

४/ दरम्यान १८८७ साली भायखळ्यात व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. पुढे १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली. वस्त्रनिर्मितीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी ही मोठीच सोय. परंतु तेथून बाहेर पडले ते प्रामुख्याने तंत्रज्ञ आणि अधिकारी. एकाच गिरणीत ज्ञानाच्या दोन वाटा तयार झाल्या. एक पदवीपत्राची, दुसरी जॉबरच्या मर्जीची.

५/ दुसऱ्या वाटेवर जातीचाही अडसर होता. विणाई खात्यात मजुरी तुलनेने चांगली; पण तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नसे. धोट्यात नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे, आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ दिसे. शिकण्याची क्षमता असूनही शिकण्याची जागाच नाकारलेली. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला आणि सर्व खाती खुली करण्याचा आग्रह धरला.

६/ तो संप मुळात कामाच्या बदलत्या स्वरूपातूनच पेटला होता. मुंबईत एक विणकर साधारणपणे दोन माग सांभाळी. मालकांना तोच विणकर तीन मागांवर हवा होता. कताईतही एका माणसाकडे अधिक चात्या देण्याचा बेत होता. कामगारांनी यात दोन गोष्टी पाहिल्या : वाढलेला ताण आणि शेजाऱ्याची गेलेली नोकरी. सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने संपावर राहिले.

७/ अधिक माग सांभाळायचे तर केवळ चपळाई पुरत नाही. सूत वारंवार तुटू नये यासाठी चांगला कापूस, हवेतील योग्य ओलावा आणि सुस्थितीतील यंत्रे लागतात. यातले काहीही विणकराच्या हाती नव्हते. तरीही कार्यक्षमतेची चर्चा वारंवार त्याच्याच आळसापाशी येऊन थांबे.

८/ सर्वांत निमूटपणे बाहेर पडल्या त्या स्त्रिया. १९२० च्या दशकात गिरण्यांतील सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या आणि त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत होत्या. तेथे वेगवान यंत्रे आली. पाळ्या वाढल्या, पण रात्रपाळीस स्त्रियांना कायद्याची मनाई. नव्या यंत्रांवरील जागा पुरुषांकडे गेल्या. जुने कसब निरुपयोगी ठरले आणि नवे शिकण्याची संधी क्वचितच वाट्याला आली.

९/ स्वातंत्र्यानंतर चित्र काहीसे पालटले. १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयचे जाळे उभे राहिले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणार्थीला विद्यावेतनाचा हक्क मिळाला. जे शिकण्यासाठी आजोबांनी दस्तुरी दिली, ते शिकताना नातवाला पैसे मिळू लागले. पण हा कायदा नव्याने येणाऱ्यांसाठी होता. वीस वर्षे एकाच खात्यात काढलेल्या माणसाच्या पुनर्शिक्षणाचा प्रश्न तसाच राहिला.

१०/ १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतील असंख्य जण गिरणीत परतलेच नाहीत. १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापला. कामगारांचे पुनर्प्रशिक्षण हा त्याचा एक घोषित हेतू. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्ची पडला. माणसाला नव्या कामासाठी घडवण्यापेक्षा त्याचा हिशेब चुकता करणे सोपे होते.

११/ मुंबईचा कामगार नवे काम शिकू शकत नव्हता, असे इतिहास सांगत नाही. नांगर सोडून यंत्रमागावर हात बसवणारी हीच माणसे होती. इतिहासात दिसते ते असे की यंत्र बदलण्याचा निर्णय एकाचा, नफा त्याचाच, आणि नव्याने शिकण्याचा खर्च मात्र दुसऱ्याचा. आज कौशल्यविकासाच्या योजना आखताना कोणते अभ्यासक्रम हवेत, हे आवर्जून विचारले जाते. शिकत असताना कामगाराच्या घरची चूल कशी पेटेल, हा प्रश्न गिरणगावाने कितीतरी आधी विचारून ठेवला आहे.