पटावरचे नाव आणि वर्गातले मूल

१/ समावेशित शिक्षण म्हणजे दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश देणे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे की शाळेने मुलासाठी बदलावे, हा या इतिहासातील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधताना बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडापर्यंत जावे लागते. #थ्रेड

२/ १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. रयतेच्या पैशातून उच्चवर्णीयांचे शिक्षण चालते, हा त्यांचा आक्षेप होता.

३/ त्याच दशकात मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. पुढे अंध मुलांसाठीही निघाली. दार उघडले, पण ते वेगळ्या इमारतीचे आणि दूरच्या शहरातले.

४/ १९७४ च्या केंद्रीय एकात्म शिक्षण योजनेने दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणले. जुळवून घेण्याचा भार मात्र मुलांवरच राहिला. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी ही दिशा उलटवली : बदलायचे ते शाळेने.

५/ भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आणि समावेशित शिक्षण बंधनकारक केले.

६/ आता बारामती-इंदापूर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून साखर कारखाने. दरवर्षी गळीत हंगामात ऊसतोड मजूर परजिल्ह्यांतून मुलाबाळांसह फडाजवळच्या कोप्यांत उतरतात.

७/ शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, हंगाम दिवाळीच्या आगेमागे. नाव गावच्या पटावर आणि मूल फडावर, अशी स्थिती होते. मूल कर्णबधिर वा मतिमंद असेल, तर ओळखीचा विशेष शिक्षक, त्याने बसवलेली खुणांची सवय, सारेच मागे राहते. नवी शाळा त्याला ओळखेपर्यंत हंगाम संपतो.

८/ रॅम्प बांधता येतो, त्याची पाहणीही होते. अनेक शाळांत फिरणाऱ्या विशेष शिक्षकाचा अपुरा वेळ, दाटीचा वर्ग, एकाच मापाची परीक्षा हे अडथळे पाहणीत दिसत नाहीत. मुलाबरोबर त्याची शैक्षणिक नोंद आणि साहाय्य एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जात नाही, तोवर फुल्यांनी मागितलेली सक्ती पटापुरतीच पूर्ण झाली, असे म्हणावे लागेल.